फळ्यावरची एकोणीस तारीख

सकाळी सव्वाआठ. म्हापशाच्या वाचनालयाचं शटर
अर्ध्यावर ठेवून मी आधी फळा पुसते.
कालची अठरा जायला तयार नसते,
आठाचं पोट ओल्या फडक्याखालीही दिसत राहतं.

डिसेंबरातला हा दिनविशेष सोपा:
गोवा मुक्तिदिन. मोठ्या अक्षरात, रंगीत खडूनं.
त्याखाली काकोरीचे तिघे,
तीन तुरुंगांत, एकाच तारखेला फासावर.
एका ओळीत तिघे बसवताना
अक्षरं बारीक करावी लागतात,
आणि दर वर्षी हात थोडा लाजतो.

मग सायकलचा भोंपू. आनाक्लेत पोदेर.
टोपलीवरचं निळं प्लास्टिक सारून
दोन उंडे माझ्या टेबलावर, पैसे उद्या.
फळा वाचतो, शेवटपर्यंत,
आणि अकरा वर्षं विचारतोय तेच विचारतो:
"बाये, म्हजें नांव खंय?"

त्याच दिवसाचा हा. कुठला तरी पूल उडाला,
आवाजानं भट्टीवरची कौलं हलली म्हणतात.
सुईण वाटेत अडकलेली.
बापानं पीठ मळणं थांबवलं नाही,
राज्य कुणाचंही येवो, सकाळी पाव लागतोच.

नोंद झाली तीन आठवड्यांनी.
वही जुनीच, छापील मथळा पोर्तुगीज,
त्यावर कारकुनानं मारलेली एक रेघ,
फार जोरात नाही,
उद्या लागलाच तर वाचता यावा अशी.
त्या रेघेखाली आनाक्लेत.

"तिला परेड, झेंडा, सुट्टी," तो म्हणतो,
"मी पहाटे तीनला आलो, मुक्ती रात्रीची.
वयानं मी मोठा."

समितीचा नियम आहे,
छापून आलेलंच फळ्यावर जाईल.
यंदा मी काही न बोलता खडू पुढे केला.
त्याच्या बोटांवर पीठ आधीच होतं,
खडू त्यात दिसेनासा झाला.
बराच वेळ उभा राहिला, पाव निवत होते.
मग खाली, कोपऱ्यात, रोमी अक्षरांत
लिहिलं ते त्याचं नव्हतं.
पियेदाद. आईचं.
"काम तिनं केलं. मी नुसता आलो,"
म्हणाला, आणि भोंपू वाजवत गेला.

अकराला सचिव आले, झेंडावंदनाहून,
छातीला टाचणीनं लावलेला तिरंगा.
अक्षर अक्षर जुळवत वाचलं.
"ही कोण? सत्याग्रहात होती का?"

मी उंडा मोडत होते.
तोंड भरलेलं होतं.