पाण्याचा हिस्सा

भोसरीत समुद्र नाही.
पाणीसुद्धा एक दिवसाआड.
तरी आमच्या शेडमध्ये, वजनकाट्याच्या मागे,
आम्ही बोटींचे पंखे ओततो.

धोंडीराम पांचाळ आधी सागवानात पातं कोरतात.
मुळाशी उभं, टोकाकडे आडवं होत गेलेलं.
"टोक एका फेऱ्यात केवढं धावतं बघ,
आणि मूळ जागच्या जागी रवंथ करतं.
दोघांनी सारखंच पुढे जायचं
तर पीळ द्यावाच लागतो, पोरी."

मळसूत्रच ते. पाणी लाकडासारखं टणक असतं
तर एका फेऱ्याला बोट तीस इंच सरकली असती.
सरकते बावीस.
पहिल्या महिन्यात मी वहीत लिहिलं:
तूट आठ इंच. सुधारणे.
मिस्त्रींनी लाल पेन्सिलीने खोडलं.
"तूट नव्हे. पाण्याचा हिस्सा.
ते मागे सरतं, म्हणून आपण पुढे.
हिस्सा शून्य, तर रेटाही शून्य."

मार्चमध्ये हर्णैहून एक पंखा परत आला,
टोकांना वाळवी लागल्यासारखी भोकं.
मिठाने खाल्लं, मी म्हणाले.
"मीठ बिचारं काय करतंय! पळवलाय जास्त."
पात्याच्या पाठीवर ओढ इतकी वाढते
की पाणी थंडच्या थंड उकळतं,
आणि बुडबुडे मिटताना
धातूचा घास घेतात.
मधल्या गड्ड्याला एक कालव चिकटून आलं होतं.
सगळ्या शेडने ते आळीपाळीने हुंगलं.

लोहगावकडे सहा पात्यांचं विमान उतरतं
तेव्हा मिस्त्रींची कानस थांबते.
"तोही आपल्यातलाच. हवा पातळ, म्हणून पाती लांब.
त्याला चालता चालता कोन बदलता येतो.
आपल्याला एकदाच ओततात."
हे ते पंख्याबद्दलच म्हणाले असावेत.

संध्याकाळी तोल माझ्याकडे.
दोन पोलादी रुळांवर पंखा ठेवून बोटाने फिरवते.
जड पातं खाली येऊन थांबतं.
तिथे घासायचं, चिमूटभर.
पुन्हा फिरवायचं.
पुन्हा.
मग कधीतरी कुठलंच पातं खाली येत नाही,
जिथे सोडाल तिथे पंखा उभा.

चलनावर लिहिते: नग एक, वजन त्रेसष्ट किलो,
ट्रक ताम्हिणीने.
ओढणीत अडकलेला पिवळा भुगा
वजनात धरलेला नाही.