बूमखाली चार बोटं

मार्च. समुद्र अजून पांढरा, टणक.
शेडमध्ये माझी होडी लाकडी घोडीवर.
तिला यंदा टप हवाय.
चैन नाही, दोन कमानी आणि वर कॅनव्हास,
म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाताना
दर तिसरी लाट माझ्या कॉलरीत उतरणार नाही.

तावेत म्हणतो, टप बाबागाडीला असतो.
मी म्हणते, बाबागाडीतलं मूल
पावसानं भिजलेलं पाहिलंयस कधी?

आधी आणला वायरिंगचा पांढरा पाइप.
हातात वळला, म्हणाल तसा, गोगलगाईसारखा.
रात्रभर बाहेर ठेवला, सकाळी गुडघ्यावर घेतला:
कडकन् दोन तुकडे, आणि माझी एक शिवी.

अ‍ॅल्युमिनियम हलकं, देखणं, खिशाला मानवणारं.
पण स्टीलच्या बोल्टशी त्याचं लग्न लावलं
की मध्ये बसून खारं पाणी चुगल्या करतं;
तीन उन्हाळ्यांत भोकाभोवती पांढरी पूड.
असे संसार आमच्या बेटावर पुष्कळ.

स्टेनलेस स्टीलचा भाव सांगताना
कुरेसारेचा दुकानदार आवाज खाली आणतो,
रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरसारखा.
शिवाय वाकवून देणारा माणूस तालिनला.
तेवढ्यात मला नवं शीड आलं असतं.

तंबूच्या काड्यांनी तळहातात काचेचं कुसळ दिलं;
राईचं पीठ मळताना
तीन दिवस त्यांची आठवण.

मग तावेतनं स्वतःच्या ग्रीनहाऊसची कमान उपटून आणली.
काकडीला चालते, तुला का नाही?
लावून पाहिली.
होडी काखेत घेऊन उभं राहिल्यासारखी दिसली ती,
आणि वर बूमला थेट आडवी.

तिथंच सगळं अडलं होतं.
बूम फिरते त्या उंचीखाली
चार बोटं मोकळी हवीत, एक कमी चालणार नाही,
आणि माझं डोकं टपाच्या आत मावायला हवं.
दोन्हींचा हिशेब जमेना. सबंध हिवाळा
कागदावर मी ती चार बोटं शोधत होते.

केबिनच्या फळीवर जुनी खूण आहे,
होडी बांधताना मला बसवून
माझ्या डोक्याएवढी काढलेली.
तिच्यावरून सगळी मापं.
परवा तावेत म्हणाला, बस पाहू पुन्हा.
डोक्यावर सुताराची पेन्सिल आडवी धरली.
रेघ मारली. काही बोलला नाही.
मी वळून पाहिलं:
नवी रेघ जुनीच्या दोन बोटं खाली.

टोपी काढली होतीस का तेव्हा, त्यानं विचारलं.
चांगला माणूस आहे.

मी थोडा वेळ तशीच बसले.
मग हिशेब नव्यानं मांडला. जमला.
जी जागा बूम देईना, शीड देईना,
ती माझ्याच मणक्यांनी गुपचूप काढून ठेवली होती
पंचवीस वर्षांत, थोडी थोडी, न मागता.

कमान शेवटी लाकडाची.
स्मशानाच्या वाटेवरचा अ‍ॅश, शेंड्याकडून वाळत आलेला,
तावेतनं तीन वर्षांपूर्वी पाडला होता.
चार मिलिमीटरच्या पट्ट्या, एकावर एक सात,
मध्ये एपॉक्सी, फळीवर खिळ्यांची ओळ,
आणि सगळं त्या वळणात दाबून बांधलेलं.

एपॉक्सीला ऊब लागते. बेटावर मार्चमध्ये ऊब
एकाच ठिकाणी मिळते.
म्हणून शनिवारी आमच्या सौनात
बर्चच्या डहाळ्यांऐवजी कमान निजली होती,
भट्टी अगदी मंद, दारावर पाटी: आत कुणी येऊ नये.
शेजारची लेम्बे टॉवेल घेऊन आली,
पाटी वाचली, आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली,
या वयात?

रविवारी खिळे काढले.
कमान किंचित उघडली,
तिला अजून सरळ व्हायचं होतं.
असू दे, तावेत म्हणाला,
दाबून बसव, म्हणजे कॅनव्हास ताणून धरेल.

उरलेल्या पट्ट्या उचलून तो भट्टीकडे निघाला.
थांब, म्हटलं,
दुसरी कमान बाकी आहे.
लेम्बेला सांग,
पुढच्या शनिवारीही आंघोळ नाही.