वेबिलाखाली

वरच्या कप्प्यात सुटे, मधल्यात तिकिटाचं मशीन,
आणि तळाशी, वेबिलाच्या घडीखाली,
चार बोटं लांब, बाभळीच्या मुठीचा घडीचा चाकू.

महामंडळाने दिलेला नाही.
फैजपूरच्या बाजारात शिकलगाराकडून घेतला,
पहिल्या पगारात, आईच्या लुगड्याच्याही आधी.
तो म्हणाला, भाजीला हवा का, बाई?
म्हटलं, नाही दादा. नोकरीला.

रावेर–भुसावळ, दिवसाला तीन फेऱ्या.
वाघोडला कुणाच्या तरी गोणीची सुतळी
सीटच्या पायाला आवळून बसतेच.
सावद्याला चावदस भंगाळे
ठिबकच्या नळीचं अख्खं वेटोळं घेऊन चढतो,
आणि अर्धं व्याह्याला द्यायचंय
हे त्याला फैजपूर मागे पडल्यावर आठवतं.
"आन वं माय इकळे, तुहा चाकू."

दहाचे सुटे मी उधार ठेवते, चाकू ठेवत नाही.
हात पुढे करून उभी राहते
तो पुसून परत येईपर्यंत.

बामणोदला एकदा दोघी भांडल्या,
भरिताच्या वांग्यात अळी आहे, नाही.
साक्षीदार कोणीच नव्हतं. मी वांगं उभं चिरलं.
पांढरं, नितळ, अळी नाही.
हरलेली आमोद्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मुक्कामाच्या रात्री कॅन्टीनमधला कप पालथा घालते.
त्याच्या बुडाला जी खरखरीत कड असते
तिच्यावर पातं फिरवते, एकदा इकडून, एकदा तिकडून.
नखावर टेकवून बघायचं :
घसरलं तर अजून बोथट, रुतलं तर झालं.
बोथट चाकूला जोर लावावा लागतो,
आणि तो जोर सुटून कुठे जाईल
हे चाकूलाही ठाऊक नसतं.
माझ्या डाव्या तर्जनीवरची पांढरी रेघ
त्याच दिवसांतली आहे.
ड्रायव्हर सिकंदर तडवी म्हणतो,
बाई, याच कपात सकाळी साहेब चहा घेतात.

मार्चमध्ये, आमोद्याच्या वळणावर
पुढची मोटरसायकल आडवी झाली.
पोरीची ओढणी चेनमध्ये, चेन गच्च,
आणि दुसरं टोक तिच्या गळ्याला.
दोघं ओढत होते. तिसरा ओरडत होता, कैची, कैची.
मी कधी उतरले, पातं कोणत्या हाताने उघडलं,
मला सांगता येत नाही.
कापडाला कळायच्या आत कापड सुटलं.
पोरगी खोकली, मग खूप रडली,
मग माझ्या बाटलीतलं सगळं पाणी प्याली.
तिच्या आईने चेनमधला तुकडा हलकेच ओढून काढला,
उजेडात धरला.
"नवी होती वं. साडेतीनशेची."

डबल बेल दिली. भुसावळला अकरा मिनिटं उशीर,
वेबिलावर कारण लिहिलं : रस्ता.

पिस्ता रंगाचा एक धागा घडीच्या फटीत राहिला.
काडीने काढला असता तर निघाला असता.

मग परवा तपासणीचे साहेब चढले, पिशवी उघडायला लावली.
"हे हत्यार कशाला?"
मी काहीच बोलले नाही. मागून चावदस बोलणार होता,
त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं.
साहेबांनी पातं उघडलं, नखावर टेकवलं.
रुतलं.
बराच वेळ तसेच उभे राहिले, बस हलत होती तरी.
मग स्वतःच्या पँटच्या खिशातून
एक गंजका, लाल मुठीचा काढला
आणि आवाज खाली आणून विचारलं,
धार कशावर लावता?

कपावर, म्हटलं.
कोणत्या, ते नाही सांगितलं.