कानाडोळा

बर्नलीच्या दवाखान्यात मंगळवारी कानांची रांग.
मिसेस एंटविसल, वय अठ्ठ्याऐंशी.
आलेखाची रेघ बरी चालत येते
आणि चार हजार हर्ट्झपाशी
कड्यावरून पाय निसटावा तशी खाली.

"गिरणी?" मी कागदावर लिहिते.
"लिहू नकोस. तोंड हलव. सावकाश."

सहाशे माग एका छपराखाली.
पंधराव्या वर्षी, पहिल्याच दिवशी ती रडली,
तर पलीकडच्या रांगेतली आयरीन
नुसत्या ओठांनी म्हणाली, डबा खाऊन घे आधी.
धोटा इकडून तिकडे, शब्द तिकडून इकडे.
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा पगार दारूत जातो,
मुकादम पुढ्यात उभा असताना मुकादमाचीच नक्कल.
त्रेपन्नचा संपही असाच ठरला,
मालकाच्या डोळ्यांदेखत,
एक अक्षर न उच्चारता.

माग बनवणाऱ्याच्या नकाशात
कापड होतं फक्त.

माझ्या भाषेत कानाडोळा म्हणजे दुर्लक्ष.
कुणी ठरवलं कुणास ठाऊक.

तिचाच माग रात्री करामत हुसेन चालवायचा,
मीरपूरचा. पाळी बदलताना भेट, दोन मिनिटं.
त्याचं इंग्रजी आधी ओठांवर आलं,
आवाज मागाहून.
आता गिरणीत फ्लॅट झालेत, आणि हे दोघं
समोरासमोरच्या खिडक्यांतून
रस्त्यावरून, गाड्यांवरून, बोलत असतात
दुधाचे भाव, गुडघे, मेलेली माणसं.

मी तिला नवं यंत्र बसवलं. शेंगदाण्याएवढं.
बोलणं कुठलं नि गोंगाट कुठला
ते आपलं आपण निवडतं.
आठवड्याने तिने ते टेबलावर ठेवलं.
"किटली ऐकू येते. पाद्री तर फारच ऐकू येतो.
पण करामत घरी आला, बोलायला लागला,
की हे त्याला पुसून टाकतं."

कंपनीला लिहिलं. नम्र उत्तर आलं:
आमच्या नमुन्यांत असे आवाज कमी पडले.
पाठवता येतील का?

म्हणून आज करामत हुसेन माझ्या बंद खोलीत,
इस्त्रीचा कोट, समोर माईक.
"बोला," मी खूण केली. "काहीही."
त्याने काचेपलीकडे तिच्याकडे पाहिलं
आणि सवयीने बोलू लागला, लांबलचक, रंगात येऊन.

पडद्यावर रेघ सपाट.
मिसेस एंटविसल हसून हसून
खुर्चीवरून घसरायच्या बेतात.