खुळखुळ

एल्मार म्हणाला, साठच्या पुढे गेलं की वाजतं,
व्होरूच्या खडीच्या रस्त्यावर, उजव्या कानाशी,
कुणी नखानं दात वाजवावेत तसं.

मी शेजारी बसले. पट्टा लावला.
लाकडाची वखार, तळं, चर्चचा चढ,
गाडीनं ब्र काढला नाही.
"येताना वाजत होतं," तो ओशाळला,
डॉक्टरांसमोर दुखणं पळालेल्या माणसासारखा.

तरी डॅशबोर्ड उघडला.
कप्प्याच्या बिजागरीला फेल्ट लावलं,
सैल क्लिपा बदलल्या. छताच्या अस्तरातून
एक वाळकी माशी निघाली
आणि कुणाची तरी केसांची पिन.
ती त्यानं खिशात टाकली.

दर खेपेला मी बसायची, दर खेपेला शांत.
घरी पोचला की फोन: वाजतंय.

ऑक्टोबरात बटाट्याचं पोतं
शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधून आला.
"आज नाही वाजलं."

मी पट्टा सोडला.
मोकळं बक्कल मागच्या खांबावर आपटलं.
टक्.
दोघांनीही ऐकलं.

जुन्या लोकरी बुटाचा तुकडा कापून
खांबाला चिकटवला. पैसे नको म्हटलं,
सहा बटाटे घेतले.

पोतं तेवढं सैल पडलं.
त्यानं पट्टा ओढून पुन्हा घट्ट लावला.