दुसरा आणि चौथा शनिवार

ऑगस्टात एका सकाळी उशीवर कूस बदलली
आणि अख्खा दांडिया बाजार माझ्याभोवती फिरला.
आधी पंखा, मग कपाट, मग कपाटावरच्या बॅगा,
शेवटी श्रीरंग, चहाचा कप हातात,
पूर्ण गोल.

डॉक्टर म्हणाले, कानात वाळूसारखे कण असतात, बारीक.
ते आपापल्या जागी असतात तोवर
माणूस सरळ उभा राहतो
आणि त्याला वाटतं, हे आपणच करतोय.
एखादा घरंगळला की झालं.

म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी,
बँक बंद असते तेव्हा, मी कमाटीबागेत जाते.
फुलांच्या घड्याळाजवळ जिगीषा थांबलेली असते.
ती गुजराती बोलते, मी मराठी,
मधे कुठेतरी आमची गाठ पडते.
मृणालबेन, फरशीच्या रेघेवरून चाला,
टाचेला अंगठा लावून, खाली न बघता.
मी चालते, दारू प्यायलेल्या बगळ्यासारखी.
बाकावरचे एक काका पेपर खाली करून बघतात.
बघू देत.

मग ती वही उघडते.
पुढच्या पंधरा दिवसांत काय करायचंय?
पहिल्यांदा मी म्हटलं, बरं व्हायचंय.
ते लिहिता येत नाही, म्हणाली, मोजता येईल असं सांगा.
चोवीस वर्षं कॅश काउंटरवर काढलेल्या बाईला
ही पोर मोजायला शिकवत होती.

मग लिहिलं:
भिंत न धरता अगाशीवर पाच कपडे वाळत घालणं.
पुढे: डोळे मिटून केस धुणं.
त्याच्या पुढे: वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढणं.
हा जमला नाही.
तिने खोडला नाही, नुसता नव्या पानावर उतरवून घेतला,
आम्ही शिल्लक पुढे ओढतो तसा.

एका रात्री मी वही उलटी करून
मागच्या पानापासून माझं वेगळं सुरू केलं.
त्यात जिगीषाचं काम नाही.
अमोघचा फोन: अकरा मिनिटं, पैकी पैशांविषयी नऊ.
सासऱ्यांची औषधं: रोज, वेळेवर.
त्यांच्याजवळ बसणं: एकदा, लाइट गेले म्हणून.
मॅनेजरचा फोन जेवताना: चारदा, चारही वेळा उचलला.
लालबागचा तरणतलाव: चालू आहे की बंद, माहीत नाही.
एके काळी तिथल्या उंच फळीवरून मी उडी मारायचे,
हे लिहिताना हात जरा थांबला.

संध्याकाळी एका रुपयाचा फरक आला
तर बस सोडून मी पुन्हा मोजलंय.
इथे इतकी तूट,
आणि कुणी हाक मारली नाही.
मीही नाही.

नोव्हेंबरात विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षा थांबवली.
कठडा धरून खाली बघायचं, दहा आकडे म्हणेपर्यंत.
खाली मगर होती.
चिखलाच्या रंगाची, जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली.
सातपर्यंत नदी डावीकडे सरकत राहिली,
मग कंटाळली बहुतेक.
मी दहाच्या पुढेही मोजत होते.
रिक्षावाला म्हणाला, बेन, मीटर चालू छे.

उत्तरायणाला सासऱ्यांना खुर्चीसकट अगाशीवर आणलं.
(मागचं पान, तिसरी ओळ.)
श्रीरंग आणि शेजारचा धवल, दोघांनी मिळून,
जिन्याच्या वळणावर दोनदा खुर्ची टेकवून.
फिरकी त्यांच्या मांडीवर दिली.
त्यांची बोटं अजून शहाणी आहेत,
मांजा किती सोडायचा ते त्यांना सांगावं लागत नाही.
आजूबाजूच्या गच्च्यांवरून लपेट, लपेट ऐकू आलं
आणि मी मान मागे टाकली.
आभाळ थोडं कलंडलं.
श्रीरंगचा हात पाठीमागे, न टेकलेला.
मग एक हिरवा पतंग जागच्या जागी उभा राहिला
आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती हळूहळू बसलं.

चौथ्या शनिवारी जिगीषाने बरोबरची खूण केली
आणि विचारलं, आता पुढे?
मी म्हटलं, थांब, आधी मागचं पान बघू दे.

साखरेचा डबा अजून वरच आहे.
श्रीरंग म्हणतो, खाली काढून ठेवू का?
नको.