पाण्यातला बांध

केर्केना बेटांवर समुद्रालाही मालक असतात,
हे सिहामला स्फाक्सच्या कचेरीत कुणी सांगितलं नव्हतं.
तिच्या नकाशात पाणी म्हणजे निळा रंग,
मालकीच्या रकान्यात शून्य.

हाज तीजानी हसला. पुढचे दोन दात नव्हते.
"पोरी, त्या निळ्यात माझी चार शेतं आहेत.
खजुराच्या झावळ्या रोवायच्या, कूड करायचा,
ओहोटीला मासा कुडाच्या कडेकडेनं
स्वतःच घरात येतो.
आजानं बापाला दिली, बापानं मला.
एक मेहेरमध्ये गेली होती, ती मी परत विकत घेतली.
बांधावरून दोन भावांची बोलाचाल बंद आहे,
आणि बांध आहे पाण्यात."

"मग हद्द दाखवा."
चपला काठावर, जीपीएस हातात,
किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत आले
तरी पाणी गुडघ्याला लागेना.
म्हाताऱ्यानं समुद्राकडे पाठ केली.

"हद्द इथं नसते. ती तिकडे, जमिनीवर.
पिराचा घुमट आणि तो वाकडा खजूर
एका रेषेत आले की पहिली काठी."
खजूर मिठानं मेला होता, सहा वर्षं झाली.
शेंडा गेला, खोड उभं.
"खोडावर भागतं. पण घुमट—"
त्यानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली,
चार पावलं सरकला,
आणि गप्प झाला.

संध्याकाळी ओसरीवर तिनं लॅपटॉप उघडला.
त्रेसष्ट सालचं विमानातून काढलेलं छायाचित्र,
मध्ये एक ओरखडा,
आजच्या उपग्रहाच्या चित्रावर चार खुणा जुळवून
ताणून बसवलेलं,
कातडं वाळत घालावं तसं.
पिवळं म्हणजे खाऱ्यानं खाल्लेली झाडं.
करडं म्हणजे तेव्हा होता, आता नाही असा किनारा.
लाल म्हणजे वाळूवर चढलेली नवी बांधकामं.

तीजानीनं अंगठा ठेवून पाहिला.
अंगठ्याखाली अर्धं गाव गेलं.

शाद्लिया चहा घेऊन आली, पुदिना घातलेला.
"अगं, हे लाल कसलं? गोवर आलाय बेटाला?"
मग ओठावर पेला तसाच धरून:
"हे आपल्या नझीहचं घर ना?"

तीन मजले. मार्सेतून दर महिन्याला पैसे येतात,
दर उन्हाळ्याला एक मजला वर जातो.
खालचे दोन पाहुण्यांना भाड्यानं.
गच्चीवरून समुद्र फार छान दिसतो म्हणे.
समुद्रातून मात्र घुमट दिसत नाही.

सिहामचं बोट पॅडवर थांबलं.
दोनशे तेरा घरं झाली होती.
"हे राहू दे," ती म्हणाली, "पुढच्या फेरीत मोजते."
तीजानीनं साखर ढवळली. बराच वेळ ढवळली.
"मोज. लाल कर.
शेजाऱ्याचं मोजलंस, तेव्हा मी काय बोललो?"

दोनशे चौदा.

रात्री तिनं एक नवा थर उघडला.
घरं नाहीत, झाडं नाहीत, नुसत्या रेषा:
काठीपासून घुमटापर्यंत, काठीपासून मिनारापर्यंत,
माणूस पाण्यात उभा राहून जिथवर बघतो तिथवर.
अठ्ठावन्न रेषा. एकवीस मध्येच तुटलेल्या.
तुटल्या जागी तिनं ठिपका ठेवला.
थराला नाव काय द्यावं ते सुचेना.
'नजर' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

कचेरीतले साहेब चष्मा वर करून म्हणाले,
"छान आहे. पण हे धरायचं कशात?
पाण्यात, की जमिनीत?"
अहवाल त्याविनाच गेला.
फाइल तिच्याकडे आहे.

ऑक्टोबरात ती पुन्हा बोटीनं बेटावर उतरली,
तर म्हातारा पाण्यात, नवी झावळी ठोकत,
बरोबर पहिल्या काठीच्या जागी.
"कसं सापडलं?"
"नझीहच्या गच्चीवरची पाण्याची टाकी.
ती आणि खोड एका रेषेत."

"आणि त्यानं टाकी हलवली तर?"

त्यानं दोन ठोके आणखी मारले.
"कालच फोन केला होता," तो म्हणाला,
"चौथा मजला बांधायचा म्हणतोय."